उत्तनचे तांडेल आणि माझी कंबर

तांडेल दुखलं की हसायचे. मी दुखायच्या आधीच ओरडायचो. भाईंदरला गोडदेवच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये आमच्या खाटा शेजारी होत्या, मध्ये फक्त एक हिरवा पडदा. त्यामुळे हा फरक सगळ्यांना रोज ऐकू यायचा.

ते उत्तनच्या कोळीवाड्यातले म्हातारे होडीवाले, सेंटरमध्ये त्यांना सगळे तांडेलच म्हणत, म्हणजे होडीचा कप्तान. होडीवर घसरून ते खालच्या बर्फाच्या खणात पडले, मणका मोडला, ऑपरेशन झालं. पायांत जीव होता, पण थोडाच. मी जवळच्याच इंद्रलोक वस्तीत राहणारा, बँकेत खुर्चीवर बसणारा. माझ्या मणक्यातली गादी सरकली ती वॉशिंग मशीन उचलताना. शेजारचे गुजराती काका "दो आदमी बुलाओ" म्हणत होते आणि मी "हात मत लगाव, मैं है ना" म्हणत होतो.

पहिल्याच दिवशी पडद्याआडून प्रश्न आला, "तुना काय झाला रं?"

मी मणक्यांच्या नंबरांसकट सगळं सविस्तर सांगितलं.

"पाय चालतात ना?"

"चालतात."

"मग वरडतंस कशाला?"

मला शेक, ट्रॅक्शन आणि पाठीचे व्यायाम होते. त्यांना दोन दांड्यांच्या मध्ये उभं राहून पावलं टाकायची होती. दांड्या हातात आल्या की ते फिजिओथेरपीच्या मॅडमलाच हुकूम सोडत, "पोरी, बाजूला हो, होडी वळतंय!" व्यायामात चोरीही करत. मॅडमची पाठ वळली की खाली टेकायचे आणि मला डोळा मारायचे. घरी वॉकर घेऊन एकटे चालता ना, असं विचारलं की "चालतंय ना" म्हणत. साफ खोटं.

एकदा त्यांनी विचारलं, "दर्यात कवा जाऊ?" मॅडमनी खरं ते सांगितलं. काठी घेऊन चालाल, पण हलत्या होडीवर पुन्हा नाही. तांडेल हसले. दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले.

"तुम्ही समजवा ना, तुमचं ऐकतील ते," मॅडम मला म्हणाल्या. घरी माझं कुणीच ऐकत नसल्यामुळे मी लगेच तयार झालो. कंबरेला पट्टा आवळून, बसायला उशी घेऊन उत्तनच्या बसमध्ये चढलो. वाटेत भाषण तयार केलं. त्यांच्या ओटीवर बूट काढायला वाकलो आणि तसाच राहिलो. कंबर धरली. मग हळूहळू आडवा झालो. त्यांची बायको मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात गेलेली. घरात ते एकटेच पडून होते.

"कोन हाय?"

"मी, बँकवाला. उठता येत नाहीये."

मग खाट करकरली. वॉकर आपटत, थांबत, शिव्या देत तांडेल दारात आले. एकटे. घामाने निथळत होते.

"तू मना समजवाया आला?" म्हणाले, आणि इतके हसले की वॉकर हलायला लागला. मग तोंड पुसत हळूच म्हणाले, "होडी न्हाय, तर पाय कशाला?"

भाषणातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. "मला पाणी आणायला," मी म्हणालो.

ते वळले. वॉकर धरून पाणी कसं आणायचं, हे दोघांनाही सुचलं नव्हतं. शेवटी प्लास्टिकची बाटली दातांत धरून आले.

पुढच्या सोमवारी ते सेंटरमध्ये हजर झाले आणि आपण बँकवाल्याला कसं वाचवलं ते सगळ्यांना सांगत सुटले. मी खोडून काढलं नाही. काढणार तरी काय?

पावसाळा संपल्यावर तांडेलांची होडी पुन्हा दर्यात निघाली, सुकाणूवर त्यांचा धाकटा भाऊ. मला आवर्जून बोलावणं होतं. किनाऱ्यावर त्यांच्यासाठी खुर्ची मांडलेली. ते काठी टेकून उभे. बायको म्हणाली, "बसा जरा."

"तांडेल बसून होडी सोडत न्हाय."

होडी दिसेनाशी होईपर्यंत ते उभेच होते. खुर्चीवर मी बसलो होतो.