कुमुदताईंचा स्पॅनिशचा वर्ग आणि माझी लाज

कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट इथे अमेरिकेत, ट्रॉय गावच्या लायब्ररीत झाली, आणि पहिल्याच भेटीत मी त्यांच्याशी चक्क खोटं बोलले. दोन हजार सहाचा हिवाळा होता. हातात लहान मुलांचं चित्रांचं स्पॅनिश पुस्तक, आणि ते झाकायला वर पाककृतींची दोन पुस्तकं. रांगेत मागे उभ्या असलेल्या ताईंनी विचारलं, "अरे वा, स्पॅनिश कोण शिकतंय?" चौपन्नाव्या वर्षी "मी" म्हणायला जीभ रेटेना. "शेजारच्या मुलासाठी नेतेय," मी म्हणाले.

"मग त्याला शनिवारी माझ्याकडे पाठवा. तुम्हीही या सोबत, एकटा घाबरेल बिचारा." चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही!

खरं कारण माझी केतकी. तिनं मातेओशी लग्न ठरवलं होतं. त्याच्या आई, रोसारियोबाई, टेक्ससला राहत आणि त्यांना फक्त स्पॅनिश येई. त्यांचा फोन आला की मी लाजून रिसीव्हर केतकीच्या हातात कोंबायची. एक दिवस ती म्हणाली, "आई, तू बोलतच नाहीस. शी थिंक्स तुला हे लग्न नकोय." एकुलती एक मुलगी, आणि माझ्या मुखदुर्बळपणामुळे तिचा संसार सुरू होण्याआधीच अढी पडायची?

ताईंनी पुण्यात अनेक वर्षं स्पॅनिश शिकवलं होतं. इथे मुलाकडे आल्यावर त्यांनी त्याच्या बेसमेंटमध्ये वर्ग सुरू केला. फळा नाही, वह्या नाहीत. कांदा, मीठ, चमचा समोर ठेवायचा आणि नावं घ्यायची. मग सकाळी काय खाल्लं ते प्रत्येकानं सांगायचं, चुकलं तरी. बर्फामुळे मी जाऊ शकले नाही, तर ताई फोनवर माझ्याकडून पोहे कसे केले ते वदवून घेत. त्यांचा एकच दंडक होता: "पाठ करायचं नाही. बोलायचं."

आता आमची सगळी हयात घोकंपट्टीत गेलेली! मी घरी चोरून पुस्तकातले संवाद पाठ करत होते, दोन्ही माणसांची वाक्यं धरून. आमचे हे म्हणायचे, "परीक्षा कधी आहे गं?"

रोसारियोबाई पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा अडचण नको म्हणून मी ताईंनाही जेवायला बोलावलं होतं. जेवताना रोसारियोबाईंनी माझा हात धरला आणि हळू आवाजात काहीतरी सांगू लागल्या. मला अक्षरही कळलं नाही. त्या थांबल्या, सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि घाबरून मी पाचवा धडा सुरू केला. स्टेशन कुठे आहे? उजवीकडे वळा. आभारी आहे. एका दमात, हसतमुखानं! रोसारियोबाईंनी हात काढून घेतला.

"आई," केतकी कळवळून म्हणाली, "शी वॉज टेलिंग यू हाऊ मातेओज डॅड डाइड."

मी स्वयंपाकघरात पळाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. ताई मागोमाग आल्या. "ताई, तुम्ही सांगा ना त्यांना," मी रडत म्हणाले.

"मी नाही सांगणार. मी सांगितलं तर ते माझं बोलणं होईल."

"मला लाज वाटते हो!"

"वाटू दे की. लाजतच बोल. पण इथे बसून राहिलीस, तर त्या बाई उद्या काय समजून परत जातील?"

मी बाहेर गेले. माफ करा. कळलं नाही. मुलगी एक. मला भीती. एवढेच शब्द आले, तेही मोडके. रोसारियोबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली, सावकाश, हातवारे करत. मला "नवरा" आणि "हॉस्पिटल" तेवढं कळलं. ताई शांतपणे श्रीखंड खात होत्या.

लग्न झालं. आता रोसारियोबाई आणि मी दर रविवारी फोनवर बोलतो. गेल्या रविवारी त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली आणि पहिल्यांदाच मला शेवटपर्यंत कळली. आपला लग्नातला कोट मुलानं त्याच्या लग्नात घालावा, असं मातेओचे वडील जाताना सांगून गेले होते. आणि त्याच लग्नात मी केतकीला म्हटलं होतं, "कोट किती ढगळ आहे गं, बदलायला सांग ना त्याला." केतकीनं सांगूनही त्यानं तो बदलला नव्हता, आणि का ते बोललाही नव्हता.

लाजेनं पाणी पाणी झालं. पण या वेळी फोन कुणाच्या हातात दिला नाही. जे शब्द आले त्यांत रोसारियोबाईंना सगळं सांगितलं, कोटाचंही. त्या आधी रडल्या, मग हसल्या.

ताई, पंच्याहत्तरीच्या या दिवशी तुम्हाला उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. येत्या शनिवारी मी येतेय. मातेओची माफी मला त्याच्या आईच्या भाषेत मागायची आहे.