मामा खरं बोलतात

महाड-पोलादपूरच्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांना घाम फोडण्याची ताकद कुणा एका माणसात असेल, तर ती माझ्या बायकोच्या मामांमध्ये. त्यासाठी त्यांना आवाज चढवावा लागत नाही की मोर्चा काढावा लागत नाही. ते फक्त खरं बोलतात. आम्हा बौद्धांत सकाळी पंचशील म्हणणारे पुष्कळ, मीही म्हणतो. पण खोटं न बोलण्याचं शील संध्याकाळपर्यंत जसंच्या तसं टिकवणारा माणूस मी हा एकच पाहिला. सासुरवाडीत त्यांना कुणी 'आमटी कशी झालीय' असं विचारत नाही, ते उगीच नाही.

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मामांनी लोकांवरच्या अन्यायाची निवेदनं आमदारांकडे नेण्याचा उद्योग मांडला. पांढरा सदरा, काखेत छत्री, आणि दाराशी चपला काढून क्षणभर डोळे मिटून उभं राहणं. "राग बाहेर ठेवतो," म्हणतात, "निघताना परत घेतो." निवेदन मात्र असं, की वाचणाऱ्याने कपाळाला हात लावावा. 'लोकप्रिय आमदार' ते लिहीत नाहीत. "प्रिय आहेत की नाहीत मला काय ठाऊक? निवडून आलेत, एवढं नक्की." 'असंख्य ग्रामस्थ' या जागी 'आम्ही चौघे, पैकी एक नुसता सोबतीला' असं असतं. तो सोबतीचा बहुधा मीच.

मागच्या शिमग्यात पोलादपूरच्या डोंगरातल्या एका गावात पालखी आधी कुणाच्या दारी थांबायची यावरून वाजलं आणि गावकीने एका शेतकऱ्याचं घर वाळीत टाकलं. त्यातच मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. बाप मामांकडे येऊन रडला. "मांडव घालीन गुरुजी, पन लेकीवर अक्षता टाकाया कोन येनार हाय?" मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लोक येतील."

निवेदन घेऊन आम्ही गेलो, तर आमदार आधी अंग चोरत होते. "मामा, पालखी त्यांची, देव त्यांचा. तुम्ही कशाला मधे पडता?"

"मी चवदार तळ्याच्या गावचा, साहेब. माणसाला माणसातून उठवणं म्हणजे काय, ते आमच्या घरात माहीत आहे. असं करू नये म्हणून कायदा तुमच्याच सभागृहाने केलाय."

"तुम्ही मत तरी मला दिलं होतंत का?"

"नाही," मामा म्हणाले. मी डोळे मिटले, आणि ते ध्यानासाठी नव्हे.

आमदारांनी निवेदन पुन्हा एकदा वरून खाली वाचलं. मग हसले. "इथे येणारा प्रत्येक जण मलाच मत दिल्याचं सांगतो. तुमचं निवेदन खरं असणार." त्याच आठवड्यात त्यांनी गावात जाऊन पंचांना कायदा समजावला. पंचांनी माना डोलावल्या. पण माना डोलावणं वेगळं आणि मांडवात येणं वेगळं.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त जवळ आला तरी मांडवात वऱ्हाड आणि आम्हीच. मामा वाटेकडे बघत उभे होते. "मी त्या बापाला 'लोक येतील' म्हणालो," ते हळूच म्हणाले. "ठाऊक नसताना म्हणालो. शील मोडलं रे माझं." त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात शेजारची म्हातारी पदर खोचत चढण चढून आली. कुणाकडे न बघता थेट नवरीच्या आईपुढे तिने हात पसरला. "अक्षता कुठं हायत गो? मला दी." तिच्यामागून दोन घरं आली, मग आणखी काही. सगळं गाव नाही आलं. पण मंगलाष्टकं संपली तेव्हा नवरीच्या केसांत तांदूळच तांदूळ होते.

निघताना मामा मांडवाच्या दाराशी चपला शोधत होते. "राग घेतलात का परत?" मी थट्टेने विचारलं.

"आज राहू दे इथेच," ते म्हणाले, आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.