घळीत पाण्याचं नाव घेतलं तेव्हा

व्हर्लिंडा मेनीगोट्स पाहुण्यांना घळ दाखवायची. अंगाने आडवी, तोंडाने फटकळ, आणि पाहुण्यांची थट्टा केल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. एका बाबतीत मात्र तिची जीभ लुळी पडायची. वाईट गोष्टीचं नाव घेतलं की ती ऐकते आणि येते, असं अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी जमातीच्या आया लेकरांना शिकवतात. व्हर्लिंडाच्या आईने तर ते इतकं घोटून घेतलं होतं की कुणी ‘ही मेंढी मरेल’ एवढं म्हणालं तरी म्हातारी अंगावर धावून यायची.

जुलैतल्या त्या दिवशी तिच्याबरोबर दोघंच होते, ओहायोचे म्हातारे दंतवैद्य वेंडेल आणि गुडघ्यांनी बेजार झालेली त्यांची बायको डोरिस. सकाळी त्यांनी कड्यावरून नदी पाहिली, गावात मटण आणि तळलेली रोटी हाणली आणि मग रमतगमत घळीत उतरले.

“घाई करायची नाही हं, बाई,” वेंडेल म्हणाले. “जन्मभर घड्याळ लावून दात उपटले. आज निवांत.”

“निवांतच जाऊ. तुमचे स्वतःचे शाबूत आहेत ना? इथे वाळू चावावी लागते.”

दोन्हीकडे लाल भिंती, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट आणि वर आभाळाची निळी चिंधी. वेंडेलनी तिपाई रोवली, कॅमेरा चढवला आणि भिंतीवर उन्हाची तिरीप यायची वाट पाहत उभे राहिले.

तेवढ्यात वरच्या अंगाने वारा आला. गार. त्याला ओल्या मातीचा वास होता. व्हर्लिंडाने वर पाहिलं. डोक्यावर आभाळ निरभ्र होतं, पण त्याचा काय उपयोग? पाऊस लांब पठारावर कोसळतो आणि लोंढा इथे येतो. कमरेचा वायरलेस घळीत नुसताच खरखरत होता. वर जायची लोखंडी शिडी मागे राहिली होती, बऱ्याच वळणांपलीकडे.

“चला, निघू या,” ती म्हणाली.

“दहा मिनिटं.”

“मागे याहून छान जागा आहे.”

“मग येताना का नाही दाखवलीस?”

“डोरिसबाईंच्या गुडघ्यांना हा गारवा बाधेल.”

“छे गं, उलट बरं वाटतंय मला,” असं म्हणून डोरिसने वाळूत फतकल मारली.

 शब्द व्हर्लिंडाच्या अगदी ओठांवर होता. पण नाव घेतलं आणि ते खरंच आलं तर? या दोघांना आपणच मारलं असं होईल. गप्प बसावं तर तेही मरणच. तिने बावळटासारखं आणखी एकदा सांगून पाहिलं, “वर गाडीत गरम कॉफी आहे.”

वेंडेल हसले. “तुला कॉफीची तल्लफ आली म्हणून मी ही तिरीप सोडू होय?”

भिंतीला टेकलेल्या तिच्या तळहाताला बारीकशी थरथर जाणवली. मग लांबून गुरगुर ऐकू आली.

“पाणी!” ती किंचाळली. “पाणी येतंय! बुडून मराल! उठा!”

डोरिसला तिने काखेत हात घालून उचललं. वेंडेल तिपाईकडे वळले तशी तिने ती लाथेने उडवली. “जीव हवाय की फोटो?”

कशीबशी शिडी गाठली, पण तिच्यावर डोरिसचा गुडघा पायरीपायरीला अडत होता आणि खालून व्हर्लिंडा रडत रडत शिव्या घालत होती. वेंडेलनी वर पाय टेकला आणि लाल चिखल, ओंडके, दगड घळ भरून धावत आले. व्हर्लिंडा अजून शिडीवरच होती. पाणी कमरेला लागलं. वेंडेलनी मनगट पकडून तिला वर खेचलं.



“तुला कधी कळलं?” वेंडेलनी विचारलं.

“वारा आला तेव्हाच.”

“मग सरळ सांगायचं नाहीस? मी त्याच क्षणी उठलो असतो, पोरी! मला काय मरायचं होतं?”



घरी आईने तिचे चिखलाने भरलेले कपडे पाहिले. “त्याचं नाव कुणी घेतलं?”

“मी.”

“म्हणून आलं ते.”

व्हर्लिंडालाही तेच वाटत होतं.  “असेल,” ती म्हणाली. “पण आई, मी गप्प बसले म्हणून ती दोघं मरत होती. उद्या नवे पाहुणे आले की खाली उतरायच्या आधीच नाव घेणार आहे मी. तू कान झाकून घे.”