पयलं माझं दळण

पाटलाच्या धाकट्या लेकानं माझी पाटी लाथेनं उडवली. चार शेर जवारी चक्कीच्या दारात, इंजनाच्या तेलात पडली. वर म्हनला, "लई घाई झाली व्हय गं? घरी जातं न्हाय का तुज्या?"

जातं व्हतं की. त्यानंच तर जीव घेतला व्हता. सुगीत सासू पडली, उजवा खांदा निखळला, तवापासून नऊ मानसांचं दळण माझ्या एकटीवर. अंगावर दोन महिन्याचं लेकरू. जातं वढून वढून माझं दूध आटत चाललं. लेकरू कोरडंच वढायचं आन रडायचं.

चक्की पाटलाची. तेरणेकाठच्या आमच्या गावातली पयली. निजाम गेला, गाव हिंदुस्थानात आलं, त्याच्या मागं हे इंजन आलं. धाराशिवाहून बैलगाडीत आलं तवा उतरवलं आमच्या महारवाड्यातल्या गड्यांनीच. माझ्या नवऱ्याची दोन बोटं त्याखाली चेमटली. नारळ फुटला तवा आमाला लांब उभं केलं. नियम असा, की समद्या गावाचं दळण झाल्यावर आमचं, तेबी इंजनात तेल उरलं तर. वर शेरभर जवारी दगड धुवायला म्हणून काढून घ्यायचे. आमचा इटाळ आमच्याच जवारीनं कसा फिटतो, ते कुणी सांगितलं न्हाय.

त्या दिवशी मी तिसऱ्यांदा आले व्हते. दोनदा "तेल संपलं" म्हणून हाकललं व्हतं. आज तेलाचा मोठा डबा भरलेला दिसत व्हता. वट्यावर पाटलाच्या लेकीच्या लग्नाच्या गव्हाचं दळण चाललं व्हतं.

मी खाली बसले. तेला-मातीसकट जवारी ओंजळीनं पाटीत भरली. वट्यावर चढले आन समदी त्या गव्हात ओतली.

"आता काढ निवडून," म्या म्हनलं. पाटलाच्या लेकाला 'काढ' म्हनलं. गावात असं कुणी बोललं नव्हतं.

त्यानं माझा बुचडा धरला. खाली वढली. पोटात लाथा घातल्या. मग डोकं इंजनाच्या पट्ट्याकडं रेटलं. केस पट्ट्यात गेले, मूठभर कातड्यासकट उपटले. डोळ्यांत रगत उतरलं. त्याचं मनगट तोंडाशी आलं ते म्या चावलं, हाडाला दात लागंस्तवर चावलं. सोडलंच न्हाय.

चक्की चालवणाऱ्या रसूलचाचानं इंजन बंद केलं. "मालक, छोडो. मरती ना वो."

तवा आमी दोघं सुटलो.

घरी सासूनं डोक्यात हळद भरली आन रडायलाच लागली. "जा, पाया पड त्याच्या. तुजा नवरा त्येंच्याच रानात सालगडी हाय. खायाचं काय?" नवरा खाली मान घालून बसला. मला त्याचा लई राग आला.

चार दिवसांनी लग्न झालं. सासू रिवाजापरमानं पाटलाच्या दारात गेली आन खरकट्या पुऱ्या घेऊन आली. म्या एक मोडून तोंडात घातली. दाताखाली माती कचकचली. मधी जवारीचे पांढरे कण. माझीच जवारी. फेकली नव्हती, निवडली नव्हती. मांडवातल्या समद्या पाव्हण्यांनी ती खाल्ली व्हती. पाटलानं खाल्ली. त्या मनगटाला फडकं बांधलेल्यानंबी खाल्ली.

मी थुंकले. अंगाची आग झाली. मंजी इटाळबिटाळ काय नव्हताच. आमी पुढं येऊ नये, एवढंच व्हतं. त्यासाठी माझं टाळकं सोललं, त्यासाठी माझं लेकरू उपाशी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच म्या जात्याची वरची तळी उचलली, अंगणात नेली आन पहारीनं घाव घालून तिचे तुकडे केले. सासू किंचाळली, "अगं रांडं, आता दळशील कशावर?"

"चक्कीवर, आत्याबाई."

पाटीत जवारी घेतली. जवारीवर इळा ठेवला. चक्कीचं दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. मागं गावातल्या बाया जमल्या, बोलायला लागल्या, सरक म्हनल्या. मी सरकले न्हाय. धाकटा आला. माझ्याकडं बघितलं, मग इळ्याकडं.

"पयलं माझं," म्या म्हनलं. "आज हात लावलास, तर नुसतं चावून सोडणार न्हाय."