ओढ्याकाठची हराळी

ओढ्याला गढूळ पाणी आलं की आप्पा त्याचा काचेचा ग्लास भरून आणायचे, ओट्यावर ठेवायचे आणि आमच्यावर डोळे वटारायचे. "हलवू नका रे. बसू द्या, मंग कळंल." पाणी हळूहळू निवळायचं, तळाला गाळाचा थर बसायचा. मग मान हलवत म्हणायचे, "बघा, चालली आपली माती." आता आमच्या माकणी गावात गाळ कुणी पाहिलेला नाही? पण पाहुणा आला तरी त्याला आधी ग्लास दाखवायचा, चहा नंतर.

मी शेजारचा ट्रॅक्टरवाला, तोंडाचा फटकळ. आमचं रोज वाजायचं आणि रोज जमायचं. एकदा त्यांनी विचारलं, ही माती जाते कुठं? मी सांगितलं, ओढ्यातून तेरणा नदीत, तेरणेतून धरणात. तिथं पाणी थांबतं, म्हणून जड माती तळाला बसते. बारीक माती मात्र दारं उघडली की पाण्याबरोबर पुढं मांजरेत, तिथून गोदावरीत आणि शेवटी समुद्रात. आप्पांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "समिंदराला काय माती कमी हाय व्हय?"

त्यांच्या जिवाला हा घोर का होता, तेही सांगतो. त्यांच्या बायकोला सगळं गाव अव्वा म्हणायचं. अव्वा गेल्या तेव्हा लिंगायतांच्या रीतीनं त्यांना स्वतःच्याच रानात, ओढ्याकाठी पुरलं होतं. दर पुराला ओढा तो काठ थोडा थोडा खात होता. समाधी आता कडेपासून जेमतेम हातभर आत उरली होती.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की तिथला गाळ उचलून आम्ही रानात टाकतो. आप्पांनी माझी एकही ट्रॉली रानात रिकामी होऊ दिली नाही, सगळा गाळ समाधीच्या कडेला ओतायला लावला. मोकळी माती टिकायची नाही, ज्वारीला तरी टाका, असं मी परोपरीनं सांगितलं. ऐकतील तर ते आप्पा कसले! पहिल्याच पुरानं सगळा ढीग नेला. डिझेल जाळून आम्ही धरणातून आणलेली माती ओढ्यानं फुकटात धरणात पोचवली. मी पोट धरून हसलो. आप्पाही हसले, मग पंच्यानं तोंड पुसलं.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गाळ टाकला, आणि त्यावर म्हाताऱ्यानं काय लावावं? हराळी! तुमच्यापैकी ज्यांचं रान आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एकदा रानात शिरलं की हे गवत निघता निघत नाही. हराळी खणता खणता आमच्या बापजाद्यांच्या कमरा गेल्या, आणि आप्पा गावभरच्या बांधांवरून तिच्या काड्या मागून आणून, वर घागरीनं पाणी घालत होते. गाव हसलं. आप्पांचा मुलगा मात्र भडकला.

"आप्पा, सगळं रान खाईल ती. डोकं फिरलंय का तुमचं?"

"रान तुजं हाय," आप्पा शांतपणे म्हणाले. "एवढा काठ माजा."

मुलानं कितीतरी दिवस बोलणं टाकलं.

पावसाळ्यात ओढा चढला आणि उतरला. हराळी पाण्याखाली आडवी झाली होती, ती पुन्हा उठली. वरच्या रानांतून आलेला गाळही तिच्यात अडकून राहिला होता. आप्पांनी मला हाताला धरून नेलं आणि काठ दाखवला. "गेली न्हाय ती," एवढंच म्हणाले. मी वाकून एक काडी ओढून पाहिली, ती हलली नाही.

यंदा पोळा झाला आणि आप्पा गेले. अव्वांच्या शेजारीच जागा धरली. खड्डा घ्यायला लागलो तर फावडं आत जाईना, मुळ्यांची अशी जाळी झालेली. शेवटी कुदळीनं हराळीचे थर कापून बाजूला ठेवावे लागले. भस्म, बेल वाहून झाला, माती लोटून झाली. कापलेली हराळी फेकून द्यावी म्हणून मी उचलायला वाकलो, तर मुलानं माझा हात धरला.

तो गुडघ्यांवर बसला. एकेक तुकडा त्यानं उचलून आप्पांच्या मातीवर लावला, तळहातानं दाबला. मग ओढ्यात उतरून घागर भरून आणली आणि हळूहळू त्यावर ओतली.