मंगळाची पेटी

कुरियरवाल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. शाळा सुटल्यावर पालमच्या स्टँडसमोरच्या दुकानातून खोकं उचललं आणि घरी आले. आईनं दारातच विचारलं, "आता काय मागवलंस?" मी म्हटलं, "पुस्तक. कलेक्टर्स एडिशन हाय." एवढं बोलून हातपाय धुवायला गेले. परत आले तोवर शेजारच्या काकूंपर्यंत बातमी पोचली होती की पोरीला कलेक्टरकडून पुस्तक आलंय.

मग समजावत बसावं लागलं. हा कलेक्टर म्हणजे परभणीला बसणारा साहेब नव्हे. कलेक्टर म्हणजे जमवणारा. ज्यांना पुस्तकं जमवायचा नाद असतो त्यांच्यासाठी काढलेली ही देखणी आवृत्ती. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुस्तकं लय जमवायलीस. लग्न तेवढं जमंना."

आईचा टोमणा असा असतो. लागतो, आणि वर हसूही येतं, म्हणून जास्तच राग येतो.

माझा नाद जुन्या विज्ञानकथांचा. माणूस अवकाशात जायच्या आधी लिहिलेल्या, इंग्रजीतल्या. त्या काळात मंगळावर कालवे आहेत, माणसं आहेत, असं खुशाल लिहिता यायचं. आता कुणीतरी मन लावून या कथांची चित्रं काढतं, जाड कागदावर छापतं, कापडी बांधणी करतं, खुणेला रेशमी फीत लावतं आणि वर जाड पुठ्ठ्याची पेटी देतं. पुस्तक त्या पेटीत सरकवून उभं ठेवायचं. नाद नसलेल्या माणसाला ती पेटी म्हणजे वेष्टन वाटते. आमच्या लेखी पेटी गेली की पुस्तक उघडं पडलं. नव्या पुस्तकात सगळ्या कथा मंगळाच्या होत्या. पेटी लालभडक, पुस्तकाचं कापड तांबडं, पानांच्या कडासुद्धा लाल.

मी विज्ञान शिकवते. शाळेत मंगळ हा सूर्यापासून चौथा ग्रह. घरी तो आठव्या घरात असतो, माझ्या पत्रिकेच्या. आठव्यात मंगळ असलेल्या बाईच्या नवऱ्याच्या जिवाला धोका, असं मानणारी माणसं आमच्या भागात अजून भरपूर आहेत, आणि त्यांच्यातली निम्मी मोबाइलवर पत्रिका बघतात.

माझी पत्रिका मांडली माझ्याच वडिलांनी. आप्पा मूळचे राणीसावरगावचे. पालमला आल्यावर मारुतीच्या देवळातली पूजा आणि लोकांच्या पत्रिका, यावर त्यांनी संसार केला. दुसरा कोणी जोशी असता तर मार्ग काढला असता. गुरूची दृष्टी दाखवून मंगळाला परिहार आहे, म्हणजे दोष उरलेला नाही, असं दोन ओळींत लिहून दिलं असतं. नाहीतर जन्मवेळ जराशी आधीची धरली असती. तेवढ्यानं पत्रिकेतलं लग्न बदलतं, ज्याच्यावरून घरं मोजतात ते, आणि मंगळ आठव्यातून उठून नवव्यात जाऊन गपगुमान बसतो. पत्रिकेतलं लग्न सरकलं असतं, तर माझंही झालं असतं. हे सगळ्यांना माहीत होतं. आप्पांना सगळ्यांत जास्त. पण माझ्या जन्माच्या वेळी घड्याळ त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आणि पाहिलेलं ते बदलत नव्हते. कुणी न विचारता आधीच सांगून टाकायचे. आलेली माणसं चहा पिऊन उठायची.

मी कधी त्यांच्याशी भांडले नाही. मंगळावर माझा काडीचा विश्वास नाही, पण आप्पांवर होता. या माणसाला खोटं बोलताच येत नाही, असं मी स्वतःला सांगायचे. बोलता येत नाही त्याला काय बोलणार?

तर ते पुस्तक आलं आणि आप्पांनी ते माझ्या हातातून घेतलं. आधीच्या पुस्तकांकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. "मंगळाचं हाय म्हणतीस?" चष्मा लावून एकेक पान उलटायला लागले. कालव्यांचं चित्र आलं तेव्हा म्हणाले, "आपल्या शिवारात आलाच न्हाई, आन् तिकडं मंगळावर कालवा गेलाय म्हण की." एका चित्रावर मात्र थांबले. तांबडं माळरान, वर दोन बारके चंद्र, आणि खाली एकटा पहारेकरी कंदील लावून येणाऱ्या यानाची वाट बघतोय. दोन्ही पानं भरून ते चित्र होतं. आप्पांनी जन्मभर मंगळ लिहिला तो चौकटीतल्या एका अक्षरात, 'मं'. ते चित्राकडे इतका वेळ बघत राहिले की आईला जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जिंतूरचं स्थळ आलं. मुलगा, म्हणजे माझ्याच वयाचा पिकला माणूस, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. बरोबर त्याचा मामा आणि बहीण. आईनं मुरमुऱ्यांची सुशीला केली होती. खाणं झाल्यावर आई कौतुकानं म्हणाली, "हिच्याकडं कलेक्टरची पुस्तकं हायत." मला धरणी दुभंगावी असं झालं. तो मात्र हसला नाही. उठून फडताळापाशी गेला. आधी रुमालानं बोटं पुसली. मग पुस्तक पाठीला धरून ओढलं नाही. पेटी तिरकी केली आणि पुस्तक अलगद तळहातावर येऊ दिलं. ज्याला नाद आहे तोच असं करतो. मला म्हणाला, "हे वाचलंय मी, साध्या आवृत्तीत. चित्रं पहिल्यांदा बघायलोय."

खरं सांगते, तेवढ्यावर मी मनातून होकार देऊन टाकला. अशा प्रसंगांना बसून बसून मी दगड झाले होते, आणि त्या दिवशी माझे कान तापले.

मामा बैठकीत म्हणत होते, "आमच्याकडं पत्रिकाबित्रिका कोणी बघत न्हाई. मुलगा-मुलगी बघून घेतील."

मी आप्पांकडे पाहिलं. आजच्या दिवस गप्प बसा, एवढंच मला त्यांच्याकडून हवं होतं. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

आप्पा म्हणाले, "तुमी न्हाई बघितलं तरी मला सांगितलं पायजे. मुलीला अष्टमात मंगळ हाय. परिहार न्हाई."

मामांनी कप खाली ठेवला. बहिणीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावाच्या हातातल्या लाल पुस्तकाकडे. त्यानं पुस्तक मिटलं, नीट पेटीत घातलं आणि जागेवर ठेवलं. दोन दिवसांनी मामांचा फोन आला. सध्या विचार नाही म्हणाले.

आईनं आप्पांना काही म्हटलं नाही. तिनं सगळा राग पुस्तकावर काढला. "एक मंगळ पत्रिकेत हाय तो निस्तरंना, आन् हिनं घरात दुसरा लाल मंगळ मांडून ठेवलाय. कसं जुळंल?" मी आवाज चढवला. ती रडली. मला वाटलं, विषय संपला.

मंगळवारी शाळेतून आले तर फडताळात पुस्तकाची जागा रिकामी होती. आई पाय चेपत बसली होती. "गंगेला सोडलं," म्हणाली. दोघं सकाळच्या एसटीनं गंगाखेडला, गोदावरीवर गेले होते. लाल कापड, मसुरीची डाळ, गूळ, मंगळाचं जे जे दान असतं ते सगळं नेलं होतं. गुडघ्यांमुळे ती घाटाच्या वरच्या पायरीवर बसली आणि आप्पा खाली पाण्यापर्यंत गेले.

आप्पा ओसरीवर होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आप्पा, खरंच सोडलंत?"

"सोडलं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

नुसती आईच म्हणाली असती तर मी घर पालथं घातलं असतं. आप्पा म्हणाले म्हटल्यावर शोधण्यात काय अर्थ? मी त्या रात्री जेवले नाही. पुढे कितीतरी दिवस आप्पांशी कामापुरतं बोलले. वर्गात ग्रहमाला शिकवताना मंगळापाशी आले की मला ती तांबडी पानं पाण्यात फुगताना दिसायची. पुस्तकासाठी एवढं काय, असं कुणी म्हणेल. त्या पुस्तकाला त्या माणसाचे पुसलेले हात लागले होते. माझ्याकडे त्याचं दुसरं काही नव्हतं.

आणि परवा मधल्या सुट्टीत आप्पा शाळेत आले. ते कधी येत नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर बसले, आणि पंचांग ठेवायच्या पिशवीतून पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. तांबडं कापड, लाल कडा, फीत. कोरडं, ठणठणीत. फक्त पेटी नव्हती.

"पेटी सोडली," ते म्हणाले. "त्या मुलानं काढलं तसंच काढलं, तिरकी करून. पिशवीत टाकलं. पेटी तरंगायली म्हणून तिच्यात दगड घातला. तुझ्या आईला वरून लाल तेवढं दिसलं."

"इतके दिवस कुठं होतं?"

"देवळातल्या कपाटात. दुपारी बघत बसायचो. ते कंदीलवालं चित्र सोडवंना, माय. पण तुझं हाय, म्हणून आणलं. आईला कळू देऊ नको. इथंच ठेव."

मला आधी हसू आलं. दगड भरलेली माझी पेटी गोदावरीच्या तळाशी, आणि आप्पा देवळात चोरून मंगळ बघतायत. मग ओसरीवरचं त्यांचं 'सोडलं' आठवलं.

"आप्पा, मी विचारलं तेव्हा तुमी सोडलं म्हणालात."

"तुझी आई होती ना तिथं."

"म्हणजे तुमाला खोटं बोलता येतं."

मला थांबायला हवं होतं, पण थांबता येईना. "त्या दिवशी तर खोटं बोलायचंबी नव्हतं. नुसतं गप बसायचं होतं. तो माणूस मला आवडला होता, आप्पा."

"तिथं जीभ ऐकत न्हाई गं," ते म्हणाले. "काय करू?"

"आन् चित्रासाठी ऐकली?"

आप्पांनी पिशवीची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "ऐकली," म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की पोरांच्या गलक्यात मला तो जेमतेम ऐकू आला.

सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि ते उठून गेले. फाटकापाशी त्यांनी एकदा वळून पाहिलं. मी हात केला नाही. खोटं बोलता येत नाही म्हणून मी त्यांना इतकी वर्षं माफ करत आले होते, आणि आता ते माझ्याकडून होईना. पुस्तक शाळेच्या कपाटात ठेवलं, प्रयोगाच्या सामानामागं, पेटीशिवाय. वर्गात गेले तर पोरं उभी राहिली. बसा म्हणायचं मी विसरले.