शेपटाकडून सुरुवात

मंत्री यायला दोन तास उरले असताना मी सभागृहातल्या ओल्या नकाशाला पाठ टेकली आणि देशाचं शेपूट माझ्या शर्टावर उतरलं.

"सर, हलू नका," शिडीवरून ड्रॉइंगमास्तर म्हणाले. "आमची आई तुमच्या पाठीवर आहे."

मी भूगोल शिकवतो, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. आमच्या देशाचं पोट सुटलेलं, पोटाला चार मैल रुंदीची मान, आणि मानेच्या पुढे लांबलचक शेपूट. असला प्राणी निर्माण करायला देवाची नाही, तहाला बसलेल्या माणसांचीच अक्कल लागते. शेपटाच्या दोन्ही अंगांना शेजारचा देश. आत जायला मानेतून एकच रस्ता, रस्त्यावर एक फाटक. शेजारी गुरगुरला की आपलं सरकार फाटक बंद करतं; शेपटाच्या सुरक्षेसाठी! तिथली मतं इतकी थोडी, की निवडणुकीत उमेदवार तिकडे फिरकत नाही. शेपटाच्या नावानं मतं मात्र देशभर पडतात.

मास्तर तिथले. अकरा वर्षं आमच्या शाळेत. बाकीचे लोक नकाशा पोटापासून काढतात; मग भिंत संपते आणि शेपूट दुमडतं. मास्तर शेपटाकडून सुरुवात करत. त्यामुळे आमच्याकडे शेपूट ऐसपैस आणि राजधानी खिडकीच्या चौकटीला टेकलेली.

"अहो, राजधानीला वारा लागतोय!" हेडसर कुरकुरले होते.

"लागू द्या की जरा," मास्तर म्हणाले होते.

शेवटचा हातही शेपटावरच फिरे, म्हणून ओलं राहिलं तेच.

फाटक बंद होऊन महिना झाला होता. तिकडे मास्तरांच्या म्हातारीनं अंथरूण धरलं होतं. फोनवर रोज म्हणायची, "दार नुसतं लोटलंय रे, कडी घालत नाही." एका दिवसाच्या परवान्याचा अर्ज मास्तरांनी मंत्र्यांसाठी सुवाच्य अक्षरात लिहून खिशात ठेवला होता. माझ्या पाठीनं पुसलेलं शेपूट त्यांनी घाईघाईत पुन्हा रंगवलं, हात पुसले आणि दाराशी उभे राहिले.

मंत्री आले. नकाशासमोर थांबले. शेपटावर बोट ठेवून गरजले, "यातली तसूभर जमीन देणार नाही!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हाताला सवय असते.

मास्तरांनी अर्ज पुढे केला. सचिवानं घेतला. तेवढ्यात मंत्र्यांचं लक्ष बोटाकडे गेलं. ऑइलपेंट! सचिवानं हातात होता तो कागद पुढे केला, साहेबांनी बोट पुसलं आणि कागद चुरगळून खिडकीतून भिरकावला. राजधानीच्या बाजूनंच.

"दुसरा लिहू," मी म्हणालो. मास्तर शेपटावरचा बोटाचा ठसा बुजवायला वळले.

दुसरा मीच लिहिला. आठ दिवस चार कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. प्रत्येक कचेरीत भिंतीवर नकाशा होता आणि प्रत्येक नकाशात शेपूट कपाटामागे गेलेलं. नवव्या दिवशी फाटक आपोआप उघडलं. कुणी का उघडलं, ते पेपरातही नव्हतं. मी हेडसरांकडून आठवड्याची रजा मंजूर करून घेतली आणि धापा टाकत चित्रकलेच्या वर्गात शिरलो. मास्तर नळाखाली ब्रश धूत होते.

"मास्तर, फाटक उघडलं! ही घ्या रजा, आणि निघा आधी!"

त्यांनी ब्रश झटकला.

"आई परवा गेली, रजा तुम्ही घ्या."